पांढऱ्या गाठीची काळी कड

"मॅडम, तुम्ही बोलायच्या का थांबल्या?"

टेबलावर कुशीवर झोपलेल्या बाईनं मान वळवून विचारलं. माझ्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब तिच्या डाव्या बरगड्यांखाली टेकलेला होता. तोवर आमच्या गप्पा चालल्या होत्या. तिची शाळा, तीर्थपुरीचा बाजार, सकाळची बस चुकली की पुढचे हाल. उजवी किडनी बघून झाली होती. छान होती. तसं मी तिला सांगितलंही होतं. मग प्रोब डावीकडे आणला आणि माझं मलाच कळायच्या आत मी गप्प झाले.

सोनोग्राफी करणाऱ्याचा हात थांबला की पेशंट घाबरतो. म्हणून हात चालू ठेवायचा, काहीतरी बोलत राहायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. इतकी वर्षं झाली, तरी ते मला जमत नाही.

"श्वास आत घ्या. धरून ठेवा," एवढंच मी म्हणाले.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं सोनोग्राफी सेंटर आहे. खाली दिवसभर टेम्पोतून गठ्ठे उतरत असतात, रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात. घरी आम्ही उर्दू बोलतो, कामावर मी मराठी बोलते आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहिते. वाईट गोष्ट सांगायला तिन्ही भाषा सारख्याच अवघड आहेत.

ही बाई आजारी नव्हती. वैशालीताई तिचं नाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या थोडं पुढे. आजारी होता तिचा धाकटा भाऊ, राहुल. तो बदनापूरला एका कॉलेजात लॅब असिस्टंट होता. ब्लड प्रेशर वाढलेलं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं आणि लक्षात आलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. जालन्यातच त्याचं डायलिसिस चालू होतं. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून एक जागा तयार करतात. राहुलच्या दोन्ही हातांतल्या जागा बंद पडल्या होत्या, म्हणून मानेत नळी घातलेली होती. अशा नळीतून कधी जंतू रक्तात जातील याचा नेम नसतो. त्याला किडनी हवी होती, आणि जल्दी हवी होती.

आईला शुगर होती, म्हणून ती बाद. वडील नव्हते. राहिली वैशालीताई. रक्तगट जुळला होता. पुढच्या मोठ्या तपासण्या संभाजीनगरला व्हायच्या होत्या. त्याआधी पोटाची साधी सोनोग्राफी इथेच करून घ्या, म्हणून डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

आणि तिच्या डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला एक गोल, पांढरी गाठ होती. लिंबाएवढीसुद्धा नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सोनोग्राफीत आम्ही शरीरात आवाज पाठवतो. कानाला ऐकू येत नाही असा. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो आणि त्याचं चित्र बनतं. पाणी काळं दिसतं. किडनीचं मांस करडं. चरबी पांढरी, चमकणारी. म्हणून किडनीत पांढरी गोल गाठ दिसली की पहिला विचार येतो तो चरबीच्या गाठीचा. चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांचा तो गोळा असतो. आम्ही त्याला एएमएल म्हणतो. तो कॅन्सर नव्हे. लहान असेल तर कुणी त्याला हातही लावत नाही, फक्त लक्ष ठेवतात.

किडनीचा कॅन्सर बहुतेक वेळा करडाच असतो, आजूबाजूच्या मांसासारखा. पण काही कॅन्सर लहान असताना चरबीसारखेच पांढरे चमकतात. खरी पंचाईत तिथे होते. मग बारकाईनं बघावं लागतं. गाठीभोवती पातळ काळी कड आहे का? गाठीच्या आत पाण्याची बारीक काळी टिंबं, म्हणजे सिस्ट, आहेत का? असतील तर संशय घ्यायचा. चरबीच्या गाठीला सहसा कड नसते. उलट कधीकधी तिच्या मागे फिकट सावली पडते, ती दिसली तर जरा बरं वाटतं.

मी सावली शोधली. बराच वेळ शोधली. वैशालीताईंना पाठीवर झोपवलं, मग पालथं झोपवून पाठीकडून बघितलं. मशीनची सेटिंग बदलली. रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला. सावली नव्हती. कड होती. केसासारखी बारीक, पण सगळीकडून दिसत होती. आत दोन काळी टिंबंही होती.

"उठा ताई," मी म्हणाले. "डाव्या किडनीत एक गाठ आहे."

त्या उठून बसल्या. जेल पुसायला दिलेला कागद हातातच राहिला.

"म्हणजे मला किडनी देता येणार न्हाई?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. आत्तापर्यंत मी शेकडो लोकांना गाठ आहे म्हणून सांगितलंय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅन्सर आहे का? त्यांनी तो आधी विचारलाच नाही.

"गाठ साधी असेल तर कदाचित देता येईल. तसे डोनर घेतात. ते तिकडचे डॉक्टर ठरवतील. साधी नसेल तर नाही."

"साधी आहे का न्हाई, ते तुम्हीच सांगणार ना?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. गाठ दाखवली, कड दाखवली. शिक्षिका होत्या, त्यांना लगेच कळलं.

"मंग कॅन्सर आहे?"

"तसंही मी म्हणू शकत नाही. सीटी स्कॅन करावा लागेल."

"बिलकुल अंदाज न्हाई?"

"संशय आहे. संशय आणि खात्री यात फरक असतो."

"मॅडम, पोरगं नापास होत असलं तर आम्ही कुठनंतरी एखादा मार्क काढून देतो," त्या हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "तसं बघा ना काही. माझ्या भावाकडं टाइम न्हाई हो."

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मला खूप सीनियर. मी त्यांना सर म्हणते. माणूस चांगला आहे. पेशंटसाठी भांडणारा आहे, आणि त्या दिवशीही तो पेशंटसाठीच भांडत होता. फक्त त्याचा पेशंट वेगळा होता.

"पांढरी आहे ना? मग एएमएल," सर म्हणाले.

"कड आहे सर. आत सिस्ट आहेत. सावली नाही."

"मशीनचं काहीतरी असेल."

"सगळ्या बाजूंनी बघितलं."

"हे बघ, तिकडे तिचा सीटी होणारच आहे. तू आत्ता एएमएल लिही. तू शंका लिहिलीस तर ते लोक फाइल बाजूला ठेवतील. दुसरा डोनर आणा म्हणतील. कुठून आणायचा? राहुलच्या मानेतली नळी मी दोनदा बदलली आहे. आता तिसऱ्यांदा जागा कुठे शोधू?"

"सर, सीटी होणारच असेल तर मी जे दिसलं ते लिहिते. सीटी इथेच करून घेऊ, वेळ वाचेल."

"तू फार घाबरतेस."

"हो सर."

त्यांनी फोन ठेवला.

मी टाइप करायला बसले. तेवढ्यात दारावर टकटक झाली. एक दणकट माणूस आत आला. हाताच्या नखांत ऑइल गेलेलं. वैशालीताईंचे मिस्टर, दिलीपराव. तीर्थपुरीला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं.

"मॅडम, जरा बोलायचं व्हतं. तिला न्हाई सांगायचं."

"बसा."

ते बसले नाहीत. "ती गाठ साधी हाय का वाईट हाय?"

"अजून सांगता येत नाही. त्यांना सांगितलं मी."

"मंग तुम्ही वाईट हाय असंच लिहा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"वाईट हाय, किडनी देता येत न्हाई, एवढं लिहा. साधी निघाली तरी. माझं ऐकत न्हाई ती. तुमचं ऐकंल."

"दिलीपराव, तुम्ही काय मागून राह्यले कळतंय का तुम्हाला?" मीसुद्धा नकळत त्यांच्यासारखं बोलले.

"कळतंय. दोन पोरी हायेत आम्हाला. हिनं एक किडनी दिली अन् उद्या दुसरीला काही झालं तर मी काय करू? न्हाई म्हणलो तर म्हणती, तुमचा भाऊ असता तर? त्याच्यावर काय बोलू?" ते थांबले. "मी वाईट माणूस न्हाई मॅडम. राहुलला डायलिसिसला मीच आणतो. गॅरेज बंद ठेवून आणतो. पण भ्या वाटतं."

"मला जे दिसलं तेच मी लिहिणार. तुमच्यासाठी वाईट लिहिणार नाही, आणि कुणासाठी चांगलंही लिहिणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. मी दाराला आतून कडी लावली. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला गाठ, पांढरी, काळी कड, आत सिस्ट, सावली नाही, केवळ सोनोग्राफीवरून साधी की कॅन्सर हे ठरवता येत नाही, कॅन्सरची शक्यता धरून सीटी करावा, असं लिहिलं. सही केली. मगच कडी काढली.

सीटीच्या आधी राहुल मला भेटायला आला. डायलिसिस करून थेट आला होता. असा पेशंट त्यानंतर थकून गेलेला असतो. जिना चढून आला आणि धापा टाकत खुर्चीत टेकला. किडकिडीत, गळ्याला रुमाल गुंडाळलेला, नळी दिसू नये म्हणून.

"जय भीम मॅडम. मी वैशालीताईचा भाऊ."

मी पाणी मागवलं. त्यानं अर्धाच घोट घेतला. डायलिसिसच्या पेशंटला पाणीही मोजून प्यावं लागतं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मला सगळ्यांनी सांगितलं," तो म्हणाला. "मी ताईला म्हणलो, आता मला तुझी किडनी नको. तू तुझं बघ. बराबर बोललो ना मी?"

"बरोबर बोललास."

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण मॅडम, साधी निघाली तर चालते ना? घेतात ना तसली किडनी?"

"साधी निघाली तर घेऊ शकतात."

"हां." त्यानं गळ्याचा रुमाल सारखा केला. "मी हे विचारायला नको व्हतं. मी तिच्यासाठी इचारायला आल्तो, खरंच. जिन्यात पण तेच ठरवलं व्हतं. अन् तोंडातून हे निघालं."

"माणूस आहेस. जगावंसं वाटणं यात काही वाईट नाही."

"ताईला सांगू नका."

"नाही सांगणार."

सीटी जालन्यातच एका दुसऱ्या सेंटरवर झाला. सीटीत चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य. चरबीचा शून्याच्या बराच खाली. गाठीत कुठे तसा आकडा सापडला की चरबीची गाठ, बहुतेक वेळा विषय संपला. तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आम्ही दोघं शेजारी बसून एकेक चित्र बघत गेलो. शून्याखालचा आकडा कुठेच मिळाला नाही. शिरेतून औषध दिल्यावर गाठीनं ते भराभरा ओढून घेतलं होतं. कॅन्सर असंच करतो.

तरीही शंभर टक्के खात्री नव्हती. काही साध्या गाठींत चरबी इतकी कमी असते की सीटीतही दिसत नाही. वैशालीताईंनी तेवढंच धरून ठेवलं.

"म्हणजे अजून साधी असू शकते," त्या माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या. दिलीपराव शेजारी होते.

"असू शकते. पण शक्यता कमी आहे. गाठ काढावी लागेल."

"मंग असं करा ना. गाठ काढताना ती किडनीच काढा. गाठ कापून टाका, अन् बाकीची राहुलला बसवा."

"ताई, कॅन्सर असेल तर त्याला त्यातून कॅन्सर जाऊ शकतो. किडनी बसवल्यावर प्रतिकारशक्ती कमी करायची औषधं देतात. त्या शरीरात कॅन्सर फार लवकर वाढतो."

"उजवी द्या मंग. ती चांगली आहे, तुम्हीच म्हणाल्या."

"ती तुम्हाला लागेल."

"मला एवढी लागत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं नाही. पदर तोंडावर धरून.

दिलीपराव उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. खालून हमाल गठ्ठे घेऊन वर येत होते आणि ते बाजूला सरकतही नव्हते. हमालच त्यांना वळसा घालून जात होते.

"मी तोंडानं बोललो मॅडम," ते म्हणाले. "वाईट लिहा म्हणलो. माझ्याच बायकोला."

"दिलीपराव, तुमच्या बोलण्यानं गाठ होत नाही. तुम्ही माझ्या केबिनमध्ये आलात त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती."

"ते मला समजतं हो. समजत न्हाई असं न्हाई."

मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले. 

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. गाठ आणि तिच्याभोवतीचा किडनीचा थोडा भाग काढला, उरलेली किडनी वाचवली. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच होता. लहान होता, कापलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोचलेला नव्हता, पूर्ण निघाला होता. अशा पेशंटला पुढे सहसा औषधंही लागत नाहीत. नियमित तपासणी पुरते.

सरांनी मला फोन केला. "तू म्हणालीस ते खरं निघालं," म्हणाले.    मग म्हणाले, "राहुलचं नाव आता वेटिंग लिस्टवर टाकलंय." म्हणजे कुणीतरी मेंदू मेलेला पेशंट, त्याच्या घरच्यांनी दान केलेली किडनी, आणि राहुलच्या आधी रांगेत उभी असलेली माणसं.

राहुल त्यानंतर एकदाच दिसला. वैशालीताईंना तपासणीला घेऊन आला होता. दिलीपरावांना म्हणे बरं नव्हतं. बहिणीची पिशवी त्याच्या हातात, आणि जिना चढताना तीच त्याला धरून आणत होती. "ताई वाचली मॅडम," तो मला म्हणाला. चेहरा सुजलेला होता, पण खरंच खूश दिसला.

त्याची तिसरी नळीही बिघडली. जंतू रक्तात गेले, मग हृदयाच्या झडपेवर बसले. दवाखान्यात भरती केलं, औषधं बदलून बघितली. उन्हाळा संपायच्या आत तो गेला. मला सरांकडून कळलं.

वैशालीताई पुढच्या तपासणीला एकट्या आल्या. मी दोन्ही बाजू बघितल्या. ऑपरेशनची जागा बघितली, लिव्हर बघितलं, मोठ्या शिरा बघितल्या. कुठे काही नव्हतं.

"सगळं स्वच्छ आहे ताई."

त्या उठल्या नाहीत. छताकडे बघत पडून राहिल्या.

"त्याला किडनी द्यायची नसती तर मी कशाला सोनोग्राफी केली असती?" त्या म्हणाल्या. "मला काही दुखत थोडंच व्हतं. लोक म्हणतात, भावानं वाचवलं तुला. शाळेतल्या बाया म्हणतात, माय पण म्हणते. मॅडम, मला ते ऐकवत न्हाई."

"मग ऐकू नका."

"माय म्हणते तेव्हा काय करू?"

 मी जेल पुसायला कागद दिला.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी साधी आहे असं लिहिलं असतं तर तिकडं संभाजीनगरला सापडलंच असतं ना?"

"बहुतेक सापडलं असतं."

"म्हणजे तुमच्यामुळं काही बदललं न्हाई."

"कदाचित नाही. कदाचित उशीर झाला असता."

त्यांनी मान डोलावली. मला दोषही दिला नाही आणि आभारही मानले नाहीत. मला ते बरोबर वाटलं. आता त्या ठरल्याप्रमाणे तपासणीला येतात. शाळा सुरू आहे, थोरली पोरगी अकरावीला गेली. भावाचा विषय आम्ही काढत नाही.

माझ्याकडे अधूनमधून नवे डॉक्टर शिकायला येतात. पांढरी गाठ, काळी कड, हे सगळं त्यांना पुस्तकात मिळतं, ते मला सांगावं लागत नाही. मी त्यांना एकच गोष्ट सांगते. संशय असेल तर संशय लिहा, आणि दार उघडायच्या आधी सही करा. बाहेर बसलेल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं असतं.